काळ्या बिअरमधला शिवराक स्ट्यू : कडूपणा आवरायचा कसा?

कुळागर | शनिवार, सायंकाळी ७.१५

आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे आषाढातला पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस उसंत देत नाही, आणि अशा संध्याकाळी पातळ आमटीपेक्षा पोटाला धरून राहील असे काही दाट खावेसे वाटते. गेल्या तीन पावसाळ्यांत मी स्टाउट, म्हणजे करपेपर्यंत भाजलेल्या जवाची काळी बिअर, घालून शाकाहारी स्ट्यू सात-आठ वेळा केला. पहिले दोन-तीन घरच्यांनी सभ्यपणे संपवले. चौथ्या वेळी धाकट्या भावाने वाटीत पाहून "काढा कोणासाठी केला आहे?" असे विचारले, तेव्हा आपले कुठे चुकते आहे याचा मी नीट विचार केला.

आयर्लंडमध्ये स्टाउट घालून आणि बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात तिथली तपकिरी बिअर घालून जे स्ट्यू करतात, ते मुळात गोमांसाचे. मांस दोन-तीन तास मंद आचेवर शिजते, त्यातला चिवट भाग विरघळून रस्सा चिकट होतो, चरबी सुटते, आणि हे दोन्ही जिभेवर पसरून बिअरचा कडूपणा झाकून टाकतात. शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक कृतींत मांसाच्या जागी अळंबी घातलेली असतात आणि बिअर मात्र बाटलीभर तशीच ठेवलेली असते. झाकणारे काढून घेतले आणि झाकायचे तेवढेच राहिले, तर दुसरे काय होणार?

माझी सध्याची रीत अशी आहे. वाटीभर अळसांदे, म्हणजे आमच्याकडची मोठी चवळी, रात्री भिजत घालून सकाळी मीठ घालून मऊ शिजवून ठेवावेत आणि त्यांचे पाणी टाकू नये. चार मोठे कांदे उभे पातळ चिरून तीन मोठे चमचे तेलात मंद आचेवर परतावेत. गुलाबी झाले की आपण थांबतो, इथे तसे थांबायचे नाही, चाळीसेक मिनिटांनी त्यांचा गूळपापडीसारखा रंग येऊन गोळा होऊ लागला पाहिजे. दुसऱ्या कढईत तीनशे ग्रॅम साधी बटण अळंबी अर्धी-अर्धी कापून मोठ्या आचेवर, मीठ न घालता, पाणी सुटून आटेपर्यंत आणि कडा तांबूस होईपर्यंत भाजावीत. ती कांद्यात घालून वर लसूण, दोन टोमॅटो, दोन तमालपत्रे, ठेचलेली मिरी आणि पानओव्याची दोन पाने घालावीत. परदेशी कृतींत थाईम असते. त्याचा आणि ओव्याचा वास एकाच जातीचा आहे, आणि पानओवा तर आपल्या परसात कुंडीतच असतो. मग दोन चमचे नाचणीचे पीठ घालून कच्चा वास जाईपर्यंत परतावे. यानंतर गाजर, बटाटा आणि नवलकोल यांच्या मोठ्या फोडी, अळसांद्यांचे पाणी आणि अळंबीच्या देठांचे उकळलेले पाणी घालून झाकण ठेवावे.

बिअर फोडी अर्ध्याअधिक शिजल्यावर घालायची, तीही ३३० मिलिलिटरच्या बाटलीतली २५०, त्याहून जास्त नाही. सोबत माडाचा काळा गूळ, ज्याला आमच्या बाजारात नुसते "गोड" म्हणतात, सुपारीएवढा. या गुळाला मुळातच किंचित खारट चव असल्यामुळे तो उसाच्या गुळासारखा रस्सा उगाच गोडमिट्ट करत नाही. अळसांदे शेवटी घालून पाऊण तास मंद रटरटू द्यावे आणि उतरवताना चमचाभर वाटलेली मोहरी घालावी.

कडूपणा आता पुष्कळ कमी झाला आहे, पण गेलेला नाही, आणि तो पूर्ण जावा असेही मला वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी हा प्रयोग केला असल्यास बिअर किती आणि केव्हा घातली, ते कृपया सविस्तर लिहावे.

तुरटी | शनिवार, रात्री ९.०५

तुमचा तर्क बरोबर आहे. त्याला थोडी रसायनशास्त्राची जोड देतो. स्टाउटमधला कडूपणा दोन ठिकाणांहून येतो. एक हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून, आणि दुसरा काळ्या भाजलेल्या जवातून. हॉप्समधली आम्ले बिअर करताना उकळताना रूप पालटतात आणि कडू होतात, पण ती वाफेबरोबर उडून जात नाहीत. त्यामुळे "बिअर आटवा म्हणजे कडूपणा जाईल" हा सल्ला अगदी उलटा आहे. अल्कोहोल उडते, पाणी उडते, वास उडतो. कडूपणा तेवढा भांड्यात राहतो. पाव लिटर बिअर आटवून निम्मी केली तर तिचा प्रत्येक घोट दुप्पट कडू झालेला असतो.

बिअर जितकी काळी तितकी ती जास्त चढणारी, असाही समज पुष्कळ आहे. काळा रंग येण्यासाठी एकूण धान्याचा थोडासाच भाग काळा भाजलेला असावा लागतो, बाकीचा जव फिकट माल्टच, म्हणजे मोड आणून वाळवलेला जवच, असतो. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून चिमूटभर काळ्या माल्टने अख्खे पीप रंगवता येऊ लागले. गिनेसच्या ड्राफ्ट स्टाउटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असते, तर आपल्याकडे "स्ट्राँग" म्हणून विकली जाणारी पिवळी बिअर आठ टक्क्यांपर्यंत जाते. स्ट्यूसाठी निवड असेल तर मिल्क स्टाउट घ्यावी. तिच्यात दुधातली साखर घातलेली असते, यीस्टला ती पचत नाही म्हणून गोडवा टिकून राहतो. इंपीरियल स्टाउट, म्हणजे त्यातला जास्त कडक प्रकार, मात्र दहा हात लांब ठेवावी.

गुळाइतकेच मिठाकडेही लक्ष द्या. कारल्याला आपण मीठ लावतो ते पाणी सुटावे म्हणून. इथे मीठ थेट जिभेवर काम करते आणि कडूपणाची जाणीवच दाबते. रस्सा कडू लागला की पहिल्यांदा चिमूटभर मीठ घालून चाखावे, गुळाचा खडा त्यानंतर.

घाटावरची | रविवार, दुपारी २.३०

मी साताऱ्याकडची, लग्नानंतर अकरा वर्षे म्हापशात आहे. वरचे वाचून उत्साहाच्या भरात आजच स्ट्यू केला आणि त्याची जी दशा झाली ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाचे श्रम वाचतील.

सवयीने सगळे कुकरमध्येच लावले. भिजवलेले अळसांदे, फोडी, परतलेला कांदा, आणि वेळ वाचावा म्हणून बिअरही अख्खी बाटली त्यातच ओतली. पहिली शिट्टी झालीच नाही. शिट्टीच्या जागी तपकिरी फेस फसफसत वर आला, झाकणावरून ओघळून शेगडीवर आणि तिथून मागच्या पांढऱ्या फरशांवर गेला. गॅस बंद करून कुकर गार केला, वाल्व्ह धुतला आणि पुन्हा लावला. सहा शिट्ट्यांनंतर उघडून पाहते तो गाजर मेणासारखे झालेले, पण अळसांदे दाताखाली कचकचणारे. एरवी हेच अळसांदे माझ्याकडे चार शिट्ट्यांत लोण्यासारखे होतात.

सासूबाईंना मी आधी सांगितले होते की यात बिअर आहे. त्यांनी हरकत घेतली नाही. एक घास खाल्ला आणि "हें कोडू कित्याक लागता गो?" (हे कडू का लागते ग?) एवढेच विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर तुरटी यांच्या प्रतिसादात मिळाले, पण अळसांद्यांचे काय झाले ते कळले नाही. दुकानदाराने जुने धान्य दिले असेल का?

तुरटी | रविवार, दुपारी ३.१०

धान्याला दोष देऊ नका. बिअर आंबट असते. तिचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप) साधारण चार ते साडेचारच्या दरम्यान असतो. दाणा मऊ होतो तो त्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळले म्हणजे, आणि आंबट पाण्यात ते विरघळायला तयार नसते. वाटाण्याच्या उसळीत आमसूल किंवा चिंच शेवटी घालायची, हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असते, फक्त बाटलीतून ओतलेली वस्तू आंबट आहे हे ध्यानात येत नाही. बटाट्याचेही तसेच होते. म्हणून मूळ लेखात बिअर अर्ध्या शिजण्यानंतर घालायला सांगितली आहे, ती बाब बारीक असली तरी तिच्यावरच सगळे अवलंबून आहे.

कुळागर | रविवार, दुपारी ४.००

घाटावरची, फरशांचे वाचून वाईट वाटले, आणि चूक थोडी माझीही आहे. कुकर वापरू नका हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. बिअर भांड्यात घालण्याआधी अर्धा तास उघड्या पातेल्यात ओतून, डावाने दोन-तीनदा वर-खाली करून तिचा वायू घालवावा. फेस मेलेली, कोमट झालेली बिअर पिणाऱ्याला नकोशी, स्ट्यूला हवीशी. मी स्वतः मातीचे कुंडले वापरतो, कारण आंबट रस्सा लोखंडी कढईत काळपट आणि धातूच्या चवीचा होतो आणि कल्हई नसलेल्या पितळेत तर करूच नये. कुंडले नसेल तर जाड बुडाचे स्टीलचे पातेले चालेल.

आजचा रस्सा टाकून देऊ नका. त्यातला अर्धा काढून ठेवा, उरलेल्यात वाटीभर शिजवलेले अळसांदे, दोन परतलेले कांदे, मीठ आणि थोडा गूळ घालून पुन्हा वीस मिनिटे ठेवा. उद्या तो आजच्यापेक्षा बरा लागेल.

मांडवीकाठ | रविवार, रात्री ८.२०

चर्चा उत्तम चालली आहे, पण शीर्षकातल्या "शिवराक" या शब्दावर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मासे-मांस वर्ज्य असलेल्या जेवणाला आमच्याकडे शिवराक म्हणतात, आणि सोमवारी किंवा श्रावणात पक्के मासेखाऊ घरही शिवराक होते.

पहिली गोष्ट बिअरचीच. बिअर निवळ करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आयसिंग्लास वापरत आले आहेत, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढतात. घोळ माशाचे जे बोत पालघरच्या किनाऱ्यावर सोन्याच्या भावाने विकले जाते, तोच हा अवयव. यीस्टचे कण त्याला चिकटून तळाशी बसतात आणि वरची बिअर स्वच्छ होते. गिनेसने ही पद्धत सोडत असल्याचे २०१५ साली जाहीर केले, आणि पुष्कळ कारखाने आज केवळ गाळणी वापरतात किंवा समुद्री शेवाळापासून केलेला पदार्थ घालतात. पण बाटलीवर हे नेहमी लिहिलेले नसते. ज्यांच्या घरी हा प्रश्न महत्त्वाचा आहे त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून मगच बाटली घ्यावी. मिल्क स्टाउट शाकाहारींना चालेल, दूध न घेणाऱ्यांना नाही.

दुसरी गोष्ट उरलेल्या अल्कोहोलची. "शिजवले की सगळे उडून जाते" असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते कितपत खरे आहे?

तुरटी | रविवार, रात्री ९.३५

खरे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी तक्ता प्रसिद्ध केलेला आहे. पदार्थात मिसळून मंद शिजवले तर पंधरा मिनिटांनंतर चाळीस टक्के, अर्ध्या तासानंतर पस्तीस, तासाभरानंतर पंचवीस आणि अडीच तासांनंतरही पाच टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. कुळागर यांच्या कृतीला हा हिशेब लावू. ४.२ टक्क्यांची २५० मिलिलिटर बिअर म्हणजे सुमारे साडेदहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाऊण तास ते तासभर शिजल्यावर त्यातले अडीच ते साडेतीन मिलिलिटर उरेल, आणि सहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास. पसरट भांड्यात आणखी कमी, झाकण घट्ट ठेवले तर जास्त.

आकडा लहान आहे, पण शून्य नाही, आणि ज्याला धर्मामुळे, औषधामुळे किंवा व्यसन सोडल्यामुळे शून्यच हवे आहे त्याच्यासाठी लहान आकड्याला काही अर्थ नाही. वाढण्याआधी सांगावे. घाटावरची यांनी सांगितले, ते मला फार योग्य वाटले. शिवाय बिअर जवाची असल्यामुळे ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनाही हा स्ट्यू चालणार नाही.

कुळागर | रविवार, रात्री १०.१०

श्रावणात हा स्ट्यू आमच्याकडेही होत नाही. तसे पाहिले तर आमच्या घरी श्रावणात कांदा-लसूणही बंद असतो, म्हणजे बिअरपर्यंत गोष्ट जाण्याआधीच पातेले रिकामे होते. म्हणूनच मी आषाढात घाई करतो.

बिअर अजिबात नको असलेल्यांसाठी एक तोडगा मी दोनदा करून पाहिला आहे. मूठभर जव लोखंडी तव्यावर कॉफीच्या बियांच्या रंगापर्यंत, पण कोळसा होऊ न देता भाजायचे, दोन पेले पाण्यात पंधरा मिनिटे उकळून गाळायचे, आणि त्यात चमचाभर माडाचा शिर्को, म्हणजे व्हिनेगर, घालायचा. भाजल्याची चव आणि आंबटपणा मिळतो. हॉप्सचा कडूपणा आणि यीस्टची खोली मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्या आईला मात्र बिअरच्या स्ट्यूपेक्षा हाच आवडतो.

दवली | सोमवार, सकाळी ११.४५

मला एका वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटते. अळसांदे घरात, मातीचे कुंडले घरात, माडाचा गूळ घरात, आणि तरीही सगळे फ्लँडर्सकडे तोंड करून बसले आहेत. आपल्या तोणाकात, म्हणजे कडधान्याच्या दाट रश्शात, भाजलेले खोबरे, भाजलेला कांदा आणि भाजलेले धणे असतात. भाजलेल्या जवाची बिअर तिथे जितकी शोभेल तितकी गाजर-बटाट्यात कशी शोभेल? मी शागोतीच्या, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या गोवन रश्शाच्या, मसाल्यात अळंबी करून शेवटी अर्धी वाटी स्टाउट घातली होती. खसखस आणि खोबऱ्याच्या स्निग्धपणाने कडूपणा असा झाकला गेला की गुळाची गरजच पडली नाही. तुम्ही म्हणता ते चरबीचे काम आमच्याकडे नारळ करतो.

एक विनंतीही आहे. या दिवसांत रस्त्याच्या कडेला रोयणीवरची अळंबी पानात बांधून विकायला येतात, ती कृपया या पदार्थात घालू नका. वारुळावर वर्षातून काही आठवडेच उगवणारी, इतक्या नाजूक वासाची वस्तू काळ्या बिअरमध्ये बुडवणे म्हणजे तिचा अपमान आहे. शिवाय अभयारण्यांतून ती ओरबाडून आणली जातात हा प्रश्न वेगळाच.

कुळागर | सोमवार, दुपारी १.२०

रोयणीच्या अळंब्यांबद्दल शंभर टक्के सहमत. तोणाकाबद्दल नाही. मी गेल्या वर्षी तोणाकात स्टाउट घातली होती, आणि भाजलेले खोबरे व भाजलेला जव एकमेकांवर कुरघोडी करू लागले. रस्सा चांगला लागला, पण कशाचा आहे हे जिभेला ओळखता येईना. नारळ चरबीचे काम करतो हे मात्र मान्य. कदाचित मी धणे जास्त भाजले असतील. तुमच्या शागोतीचे प्रमाण लिहिलेत तर पुन्हा करून पाहीन.

दवली | सोमवार, दुपारी २.०५

प्रमाण संध्याकाळी लिहिते. धणे तुम्ही नक्कीच जास्त भाजले आहेत.

घाटावरची | पुढचा शनिवार, रात्री १०.४०

आज दुसऱ्यांदा केला. अळसांदे सकाळी वेगळे शिजवून ठेवले. कांद्याला खरोखरच चाळीस मिनिटे दिली. पंचविसाव्या मिनिटाला तो तळाला धरू लागला तेव्हा दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने तळ खरवडला, आणि त्या खरवडीनेच पुढे रश्शाला रंग आला. बिअर दुपारीच पातेल्यात ओतून ठेवली होती. ती घातल्यावर पहिली दहा मिनिटे वास इतका कडवट येत होता की पुन्हा फसले असे वाटले, पण गूळ आणि मीठ घालून अर्ध्या तासाने चाखले तेव्हा कडूपणा घशाशी न थांबता, काळ्या कॉफीनंतर राहतो तसा, मागे हलकासा उरला होता.

फ्लँडर्समध्ये पावाच्या तुकड्याला मोहरी फासून तो रश्शावर ठेवतात आणि तो विरघळून रस्सा दाट होतो, असे मी या आठवड्यात वाचले. संध्याकाळी पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजल्यावर चार पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, घेतल्या, एकीचे दोन तुकडे करून वाटलेली मोहरी लावली आणि कोंड्याची बाजू वर ठेवून शेवटची वीस मिनिटे कुंडल्यात सोडली. खालचा भाग रश्शात मिसळून गेला, वरचा कोंडा तेवढा चिवट राहिला, तो मी चमच्याने उचलून काढला. पुढच्या वेळी आतला मऊ भागच घेईन.

सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. नवलकोल कमी आणि अळसांदे जास्त हवेत, अशी त्यांची सूचना आहे. बाटलीतली उरलेली ऐंशी मिलिलिटर बिअर फेस मेल्यामुळे कोणीच प्यायले नाही. ती मी फ्रीजमध्ये झाकून ठेवली आहे. दवली, तुमच्या शागोतीला अर्धी वाटी लागते ना?